आधीच टिक असलेला चौकोन

ही गोष्ट खरी आहे.

ज्याच्याबाबत घडली तो बोरडीचा पीयूष हयात आहे, शुद्धीत आहे आणि तेव्हा कॉम्प्युटरवर काम करायचा. म्हणजे कल्पनाशक्तीचा संशय घ्यायला जागा नाही.

सोमवार, १३ नोव्हेंबर २०१७. डहाणू रोड स्टेशनच्या पूर्वेला पहिल्या मजल्यावरचं एका संस्थेचं ऑफिस. वेळ दुपारी तीन वाजून पाच मिनिटं. भुतांनी रात्रीच यावं हा नियम आपणच केलाय. त्यांना कुणी विचारलेलं नाही.

पण आधीचं थोडं सांगायला हवं.

संस्थेच्या ताई तलासरीच्या पाड्यांवर फिरायच्या. गरोदर बायका, बाळंतिणी, तान्ही बाळं, सगळ्यांच्या भेटी घ्यायच्या आणि दर भेटीचा मेल डहाणूच्या ऑफिसला धाडायच्या. गरज असली तर तिथून गाडी निघायची. लिहिणं जड जाऊ नये म्हणून पीयूषने एक फॉर्म केला. नाव आणि वजन तेवढं हाताने भरायचं. बाकी सगळे चौकोन. 'पायावर सूज' या चौकोनाला बोट लावलं की खाली पत्रात आपोआप उमटायचं : 'सदर मातेच्या पायावर सूज आढळून आली.' अख्खं बाईमाणूस त्याने अकरा चौकोनांत बसवलं होतं.

पहिला चौकोन मात्र आधीच टिक केलेला असायचा. 'माता सुखरूप आहे. गाडीची गरज नाही.'

दहातल्या नऊ भेटींत हेच असायचं. ताईंचं एक बोट वाचावं, एवढाच हेतू. शिवाय विनिता मॅडम, म्हणजे संस्थेच्या प्रमुख, यांना अहवाल शुभवार्तेने सुरू झालेला आवडायचा. दुसरा कुठलाही चौकोन टिक झाला की पहिला आपोआप पुसला जावा, एवढं करायचं राहिलं होतं.

नंतर करू, असं ठरलं होतं.

ताईंमधली खोरीपाड्याची सुषमा बारावी झालेली, तोंडाने फटकळ. फॉर्म भरायचे टॅबलेट वाटले त्याच दिवशी म्हणाली, "दादा, मी बाईला बघायच्या आधीच हा तिला बरं करून ठेवतोय."

"टिक काढायची असते, सुषमाताई."

"आणि ह्याच्यात नाय ते कुठं लिहू? खाली थोडी मोकळी जागा द्या ना."

"जागा दिली की तुम्ही निबंध लिहिणार. मग वाचायचा कोणी?"

सगळ्या हसल्या. सुषमाही हसली.

तेव्हा तिला तिसरा महिना होता.

नऊ ऑक्टोबरला तिने स्वतःच्याच नावाचा फॉर्म भरला. खोरीपाड्यावर गुजरातचा टॉवर लागतो. फोनवर आवाज तुटतो, मेल तेवढा सरकत सरकत पोचतो. पायावर सूज. डोळ्यांपुढे अंधारी. झटके. तिन्ही चौकोनांना तिने बोट लावलं होतं. पहिल्याची टिक काढायचं मात्र राहिलं. डोळ्यांपुढे अंधारी असताना राहतं.

मेल पोचला तेव्हा पीयूष डबा खात होता. पहिली ओळ वाचली. 'माता सुखरूप आहे. गाडीची गरज नाही.'

बंद केला.

संध्याकाळी सहाला तलासरी नाक्यावरून सुनिलचा, तिच्या नवऱ्याचा, फोन आला.

"दादा, गाडी निघाली ना?"

"कुठली गाडी?"

कुणाच्या तरी टेम्पोत घालून आणताना वाटेतच ती गेली. पोटातल्या बाळासकट.

चौकशी झाली. विनिता मॅडमनी निष्कर्ष लिहिला : 'फॉर्म योग्य होता. भरणाऱ्या व्यक्तीने टिक काढली नाही.' पीयूष शेजारीच उभा होता. टिक कोणी लावून ठेवली होती, हे त्याला कुणी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही. पाड्यावर निरोप गेला की चूक सुषमाचीच.

आता तो सोमवार.

तीन वाजून पाच मिनिटांनी मेल आला. पाठवणारी... सुषमा.

तिचा टॅबलेट महिनाभर ऑफिसच्या कपाटात होता. कुलूप लावून. चार्जिंग संपून.

मेल नेहमीसारखाच होता. 'माता सुखरूप आहे. गाडीची गरज नाही.'

खाली लिहिलं होतं... 'प्रसूती झाली. मुलगी. वजन दोन किलो सहाशे.'

कुणीतरी चेष्टा करतंय, असं त्याने स्वतःला सांगितलं. मग बोटावर महिने मोजले.

नववा भरला असता तो याच आठवड्यात.

पुढच्या सोमवारी पुन्हा तीन वाजून पाच. 'बाळ अंगावर दूध पिते. वजन दोन किलो साडेसातशे.' त्याच्या पुढच्या सोमवारी, 'नाळ पडली. वजन दोन किलो साडेनऊशे.'

आणि दर वेळी सगळ्यांत वर, माता सुखरूप. आता ते खरंही असेल, असं त्याच्या मनात आलं. तिला आता कुठलीच गाडी लागणार नव्हती. विनोद त्याचाच होता, आणि त्याला हसू आलं नाही. तो उठून जिन्यात जाऊन रडला.

हिशेब बघणाऱ्या बकुळाबेन त्या दिवशी म्हणाल्या, "पीयूषभाई, कपाटात घड्याळ ठेवलंय काय?"

"नाही. का?"

"आतून टक टक येतंय. काचेवर नख मारल्यासारखं."

त्याने कपाट उघडलं. टॅबलेट काळा ठिक्कर. हात लावला...

काच गरम होती. नुकतीच कुणीतरी हातातून खाली ठेवावी तशी.

त्या संध्याकाळी त्याने फॉर्म दुरुस्त केला. पहिल्या चौकोनाची टिक काढली आणि बदल सेव्ह केला. तपासायला पुन्हा उघडला.

टिक जागेवर होती.

पुन्हा काढली. त्याच्या डोळ्यांदेखत... परत आली. पाच वेळा. शेवटी त्याने तो चौकोनच काढून टाकला. मग जरा थांबून, पत्राच्या तळाशी मोकळी जागा केली. चार ओळींची.

चार डिसेंबरला मेल आला. वरची ओळ गेली होती. वजन तीन किलो दीडशे. जागा कोरी होती.

अकरा डिसेंबर. वजन तीन किलो चारशे.

आणि मोकळ्या जागेत...

'दादा, सुनिल माझ्यावर रागावलाय.'

एवढंच. निबंध नव्हता.

दुसऱ्या दिवशी पीयूष रिक्षाने तलासरीला आणि तिथून चालत खोरीपाड्यावर गेला. सुनिल अंगणात कारवीच्या काठ्या सोलत होता. भिंतीवर एक खिळा होता, त्याच्याखाली चौकोनी स्वच्छ जागा.

"तिचा फोटो काढून टाकला?" पीयूषने विचारलं.

"हां. काय बघायचं? दुसऱ्यांच्या बाया सांभाळायची. स्वतःच्या टायमाला बोट चुकलं तिचं. माझं पोर पण नेलं."

"तिचं नाही चुकलं."

मग त्याने सगळं सांगितलं. चौकोन, टिक, डबा, पहिली ओळ. 'नंतर करू' तेही. स्वतःला वाचवणारा एकही शब्द त्याला सुचला नाही.

सुनिलचा कोयता हातात तसाच राहिला. मार खायचा, असं पीयूष घरून ठरवूनच निघाला होता.

सुनिलने कोयता खाली ठेवला.

"मी दोन महिने बोललो नाय तिच्याशी," तो म्हणाला. "तिच्या मरणाच्या दिव्याला पण नाय बसलो."

मग सुनिलने खालमानेनेच विचारलं, "दादा, तुमच्याकडं कागद असतात. पोटात पोर होतं ते काय होतं? आम्हाला कोणी सांगितलं नाय."

पीयूष त्याच्याशेजारी खाली बसला.

"मुलगी."

"किती भरली?"

"तीन किलो चारशे," पीयूष म्हणाला. "कालपर्यंत."

सुनिलने मान वर केली. काल म्हणजे काय, हे त्याने विचारलं नाही. आत गेला, गोणपाटाखालून फोटो काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि खिळ्याला अडकवला.

"मग चांगली वाढतेय," तो फोटोला म्हणाला.

त्यानंतर एकही मेल आला नाही.

याला आता दोन वर्षं होतील. पीयूषने ती नोकरी सोडली, वाडीत चिकू बघतो. सगळं शांत झालं, त्याला बरं वाटायला हवं होतं. तसं ते वाटत नाही. सोमवारी तीनला तो जिथे असेल तिथून उठतो आणि फोन बघतो.

घाबरून नव्हे. त्या मुलीचं वजन किती झालं, ते कुणीच कळवत नाही म्हणून.