क्रॉप करून बघू

सुकापूरच्या नाक्यावर तुळशीरामशेठच्या वाढदिवसाचा भलामोठा बॅनर लागला, आणि त्यात तुळशीरामशेठना नाकच नव्हतं.

खाली शुभेच्छुकांची बारीक बारीक तोंडं होती, ती सगळी ठीकठाक. वर मधोमध शेठचा चेहरा मात्र नुसता चौकोनी ठिपक्यांचा झाला होता. छपाईच्या धंद्यात याला ‘फोटो फुटला’ म्हणतात. इवलासा चेहरा कापून काढायचा आणि ताणून मोठा करायचा, म्हणजे तो फुटतोच. शेठ सकाळी फिरायला निघाले ते बॅनरखालून पुढे गेले, आणि मग नाव वाचायला मागे आले. त्यांनी फोटोग्राफरला फोन करून जे काय बोलायचं ते बोलून घेतलं. फोटोग्राफर तणतणत नवीन पनवेलमधल्या प्रभाकरकाकांच्या फ्लेक्सच्या दुकानात आला.

फोटोग्राफर म्हणजे विचुंब्याचा निकेश. आणि दुकानात कॉम्प्युटरवर बसून आख्ख्या तालुक्याचे वाढदिवस, हळदी आणि श्रद्धांजल्या सजवणारी ती सुकापूरची मनस्वी. दोघांची पहिली भेट भांडणानं झाली यात नवल नाही. त्या दुकानात बहुतेकांची पहिली भेट भांडणानंच व्हायची.

“माझा फोटो फोडलात तुम्ही,” निकेश म्हणाला.

मनस्वीनं मान वळवली नाही. “कुठला?”

“तुळशीरामशेठ.”

“अच्छा, ते होय. बसा.”

तिनं मूळ फोटो उघडला आणि स्क्रीन त्याच्याकडे फिरवली. शेठच्या पुतण्याच्या हळदीचा फोटो होता. त्यात सगळा मांडव होता, बेंजो वाजवणारी पार्टी होती, मटणाची पातेली होती, वर नारळाची झाडंही होती. आणि पार टोकाच्या खुर्चीत, हरभऱ्याएवढे, शेठ होते.

“तुम्ही मांडवात होतात की रस्त्यावर?” तिनं विचारलं.

“रस्त्यावर,” निकेश प्रामाणिकपणे म्हणाला. “म्हणजे... तिथून सगळं येत होतं.”

“सगळं आलंय. शेठ तेवढे राहिलेत.”

“पण क्रॉप करता येतो ना?”

“येतो की. पण जे आहे तेच कापता येतं. शेठचं नाक तुम्ही आणलंच नाहीत, तर मी कुठून देऊ?”

निकेशनं वाकून स्क्रीनवरचा तो हरभरा बघितला. मग तो एकदम हसला. हसताना मात्र त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही, स्वतःच्या बुटांकडे पाहिलं. मनस्वीनं याची नोंद घेतली. त्या दुपारी दुकानात फारसं काम नव्हतं, म्हणून असेल.

“लेन्सचा प्रॉब्लेम आहे,” तो म्हणाला. “कॅमेऱ्याबरोबर आली तीच वापरतोय, साधी. एक चांगली मिळतेय. खारघरचा एक जण विकतोय, आधी वापरून बघ म्हणालाय. तुमच्या स्क्रीनवर बघाल का जरा...? कापल्यावर किती टिकतं ते?”

“दिवसभर मी दुसरं काय करते?” मनस्वी म्हणाली. त्याला ‘हो’ समजायचं हे निकेशच्या बाहेर पडल्यावर लक्षात आलं, मग तो परत आत येऊन ‘थँक्यू’ म्हणून गेला.

तेव्हापासून तो दुपारचा यायला लागला. दुपारी फ्लेक्सचं मशीन चालू असायचं आणि शाईचा वास असा काही भरायचा की गिऱ्हाईक दारातूनच बोलून सटकायचं. निकेशला तो वास आवडतो म्हणे. असेलही.

परीक्षा साधी होती. एकाच जागेवरून, एकाच उजेडात एक फोटो जुन्या लेन्सनं काढायचा, एक नव्या. कुठला कुठला ते सांगायचं नाही. मनस्वी दोन्ही फोटो एकाच जागी कापायची आणि फुटेपर्यंत मोठे करत न्यायची. भिंतीवर चिकटवलेलं वर्तमानपत्र झालं, समोरच्या इमारतीवरच्या पाट्या झाल्या. आधी मधला भाग बघायचा, मग कोपरे. मध्यभागी सगळ्याच लेन्सा शहाण्यासारख्या वागतात, खरा स्वभाव कोपऱ्यात कळतो, असं निकेशचं म्हणणं होतं. माणसांचंही तसंच असतं, असं मनस्वीचं.

एकदा त्यानं बाजारातल्या गंगाबाईचा फोटो आणला. गंगाबाई मासळी घेऊन बसलेली, आणि हा अर्थातच रस्त्याच्या पलीकडे. मनस्वीनं कापत कापत टोपलीपर्यंत नेलं. एका फोटोत सुरमईच्या अंगावरचे पट्टे दिसत होते. दुसऱ्यात ती सुरमई आहे हे गंगाबाईच्या शब्दावर मानावं लागलं असतं.

“ही नवी लेन्स,” मनस्वी म्हणाली.

“कशावरून?”

“ताजी आहे. डोळे बघा.”

“गंगाबाईचे?”

“सुरमईचे!”

निकेश बुटांकडे बघत हसला. “तुम्हाला माशांचेच डोळे कळतात, की माणसांचेही...?”

“कळतात ना. माणूस समोर बघत असेल तर.”

यावर त्यानं पेनड्राइव्ह खिशात घातला, पुन्हा बाहेर काढला आणि तिथंच टेबलावर विसरून गेला.

त्या संध्याकाळी मनस्वीनं तो पेनड्राइव्ह पुन्हा लावला. कामासाठी, असं तिनं स्वतःला सांगितलं. एकेक फोटो उघडून ती कोपरे मोठे करून बघत बसली. रस्त्याच्या फोटोत कडेला कुठंतरी आपलं दुकान आलंय का, काचेच्या दारातून आपण दिसतोय का... एका फोटोत दुकान आलंही होतं. ट्यूबलाइट होती, प्रभाकरकाकांचं पोट होतं. ती नव्हती. मनस्वीला राग आला. कशाचा ते कळेना, आणि मग कळलं. निकेश तिला आवडला होता. चांगलाच आवडला होता. तिनं फाइल बंद केली आणि कुणाच्यातरी बारशाच्या बॅनरवर उगाचच जास्त फुलं टाकली.

अशात उरणच्या मावशीनं स्थळ आणलं. मुलाचं नाव मिथुन, नोकरी बंदरात, घर बांधलेलं, माणसं चांगली. आधी मुलीचा फोटो हवा होता. मनस्वीनं मामेबहिणीच्या, विनिताच्या हळदीतल्या घोळक्यातून स्वतःला कापून काढलं. घोळक्यात ती अगदी कडेला, हिरव्या साडीत उभी होती. तिनं कापलं, मोठं केलं आणि पाठवून दिलं. तोही फोटो निकेशनंच काढलेला. ओळख व्हायच्या आधीचा, आणि मांडवाच्या बाहेरून.

मावशीचा फोन आईला आला. “अगो, पोर कुठं हाय त्याच्यात? नुसता धुका दिसतो. या रविवारपर्यंत नीट फोटू धाड, ती लोका थांबलेत.”

गल्लोगल्ली स्टुडिओ होते. मनस्वी कुठंही जाऊन अर्ध्या तासात फोटो काढून आली असती. ते तिला माहीत होतं. तरी दुसऱ्या दिवशी ती निकेशला म्हणाली, “एक फोटो काढायचाय. माझा.”

निकेशच्या हातातलं लेन्सचं झाकण पडलं आणि घरंगळत मशीनखाली गेलं.

“कशाला? म्हणजे... बॅनर आहे का?”

“स्थळ आलंय. उरणचं. त्यांना पाठवायचाय.”

निकेश झाकण शोधायला खाली वाकला. एक झाकण शोधायला माणसाला इतका वेळ लागत नाही. खालूनच त्याचा आवाज आला, “चांगलंय.”

“काय चांगलंय?”

“नाही, म्हणजे... लेन्सचीही टेस्ट होईल. रविवारी सांगायचंच आहे, ठेवतो की परत देतो ते.”

मनस्वीला माउस फेकून मारावासा वाटला. “शनिवारी संध्याकाळी, वडाळे तळ्यावर,” ती एवढंच म्हणाली.

पुढचं गणित तिला तोंडपाठ होतं. फोटो चांगला आला की उरणला जाणार, उरणची माणसं येणार, आणि मग विनितासारखीच हळद, तसाच बेंजो, आणि नाक्यावरचा बॅनर, तोही बहुधा तिलाच बनवावा लागला असता. बोलायला निकेशकडे शनिवार होता. ती स्वतः बोलणार नव्हती. इतके दिवस ती त्याच्या फोटोतून बारीकसारीक शोधून काढत होती. त्याच्या मनातलंही आपणच शोधून त्याच्या हातात द्यायचं, हे तिला मंजूर नव्हतं.

शनिवारी तळ्यावर ऊन तिरपं झालं होतं, हिवाळ्याची हवा होती. मनस्वी तीच हिरवी साडी नेसून काठावर उभी राहिली. निकेश मागे जायला लागला. गेला, गेला... भेळवाल्याच्याही पलीकडे गेला. मग तिचा मोबाइल वाजला.

“जरा डावीकडे सरका,” फोनवर निकेश.

“निकेश, तुम्ही मला दिसतही नाही.”

“मला दिसताय ना. क्रॉप करून बघू.”

“मध्ये भेळवाला आहे!”

“तोही कापू.”

मनस्वीनं डोळे मिटले, उघडले. “दोन पावलं पुढे या.”

तो मोजून दोन पावलं आला.

“अजून.”

“मागचं तळं छान येतंय इथून...”

“तळ्याला स्थळ नाही आलेलं. अजून या.”

असं करत करत तो इतका पुढे आला की फोनची गरज उरली नाही. तरी दोघं फोन कानाला लावूनच उभे होते. आधी मनस्वीनं ठेवला.

“पेनड्राइव्हवर तुमच्या भाचीच्या बारशाचा फोटो होता, तो कुठल्या लेन्सनं काढला होतात?” तिनं विचारलं.

“जुन्या.”

“त्यात तिच्या पापण्यांचा केसन्‌केस दिसतो. मी मोठा करून बघितलाय. जुन्या लेन्सचं तुम्ही उगाच नाव खराब केलंत, निकेश. तुम्ही लांब उभे राहता, एवढाच प्रॉब्लेम आहे.”

निकेश बुटांकडे बघायला लागला. “भाची काही बोलत नाही,” तो म्हणाला. “मोठी माणसं... आपण जवळ गेलं की तीही आपल्याकडे बघतात. लांबून कसं, आपणच बघायचं. बरं असतं.”

“मग आता मी बघतेय. काढ फोटो.”

‘काढ’ दोघांनीही ऐकलं. निकेशनं मान वर केली, आणि पहिल्यांदाच सरळ तिच्याकडे पाहिलं. मग कॅमेरा डोळ्याला लावला आणि एक पाऊल पुढे आला. अजून एक. त्या लेन्समधून त्याला काय दिसत होतं कोण जाणे, तो थांबेचना. मनस्वीला त्याच्या शर्टाचा इस्त्रीचा वास आला. लेन्स घरघरली, पुढे-मागे झाली, पुन्हा घरघरली.

“काय झालं?”

“फोकस होत नाही.”

“का?”

“फार जवळ आलो. या लेन्सला हातभर तरी जागा लागते.”

“मग मागे जा.”

तो गेला नाही. त्यानं कॅमेरा खाली घेतला. त्याचा चेहरा घामानं डबडबला होता.

“हा फोटो मी नाय काढणार, मनस्वी,” तो म्हणाला. “काढला तर छान येईल. म्हणूनच नाय काढणार. उरणवाल्यांना आवडेल तो.”

“आणि तुला?”

“मला फोटो काय करायचाय? मला... मला तू पाहिजेस. रोजची. अशी समोर.”

मनस्वीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला ते मुळीच आवडलं नाही, पण आनंद इतका झाला होता की पुसायचं राहून गेलं. “रोज दुपारी येऊन तो घाणेरडा वास घेत बसलास,” ती म्हणाली, “तेव्हा नाही बोलता आलं?”

“मशीनचा आवाज होता ना...”

“भैया, फोटो हो गया क्या?” भेळवाल्यानं मागून विचारलं. त्याला आपणही फोटोत येतोय असं वाटत होतं.

“नाही झाला,” दोघंही म्हणाले. मग त्याच्याकडूनच भेळ घेऊन दोघं काठावर बसले.

“लेन्सचं काय?” मनस्वीनं विचारलं.

“परत देतो. जवळून जुनीच पुरते.”

मनस्वी घरी आली तेव्हा आई ओट्यावर सुक्या कोळंबीचे सोडे निवडत बसली होती. “फोटू?” तिनं मान वर न करता विचारलं.

“नाही आला.”

“का गो? नवीन लेन्स हाय ना त्याच्याकं?”

“लेन्स चांगली होती. फोटोग्राफर फार जवळ आला.”

आईचा सोड्यातला हात थांबला. तिनं लेकीला नीट पाहून घेतलं. हिरवी साडी, हातात भेळेचा रिकामा कागद, आणि तोंडावर असं काही की जे उरणला पाठवण्यासारखं नव्हतं.

“किती जवल?” आईनं विचारलं.

मनस्वी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

“कोनाचा?”

“विचुंब्याच्या काशीरामकाकांचा. निकेश.”

“तो? विनिताच्या हळदीचा?” आईचा आवाज चढला. “मेल्यानं रस्त्यावरनं फोटू काढलेत! नवा शालू नेसले मी, त्याच्यात माजी मुंगी केली त्यानं.”

“आता नाही राहणार लांब,” मनस्वी हळूच म्हणाली.

आईनं हात झटकले, सोड्यांचं ताट बाजूला सारलं आणि गुडघ्यावर हात ठेवून उठली.

“उद्या बोलव त्याला जेवाला,” ती म्हणाली. “मी बघते जवलून.”

आणि उरणला फोन लावण्यासाठी ती आपला चष्मा शोधायला लागली.