तुलारामचा मोह

मोहफुलं वेचायला निघताना धुरपता रोज कुरकुर करायची. गुडघे दुखतात म्हणायची, वय झालं म्हणायची, आणि सगळ्यांच्या आधी टोपली घेऊन रस्त्यावर उभी असायची. पन्नाशीला अजून बराच अवकाश होता, पण आख्ख्या आंबागडात म्हातारपणाची घाई तिलाच.

"आज तं झाडच उचलून घरी आणतो," ती शेजारच्या पुष्पाबाईला म्हणाली. "रोज रोज कोण वाकीन?"

पुष्पाबाई हसली नाही. 

गडाच्या पायथ्याशी जंगल लागलं. आभाळ उजळलं होतं, पण झाडांखाली अंधार अजून तसाच पडून होता आणि त्यात मोहाचा गोड, आंबूस वास साचला होता.

दोन वर्षांमागं इथंच, एका मोहाखाली वाकून फुलं वेचणाऱ्या तिच्या नवऱ्याला, तुलारामला, वाघानं नेलं. वाकलेला माणूस वाघाला जनावरच वाटतो, असं नंतर वनरक्षक सांगून गेला. घरी परत आलं ते एका दुपट्ट्यात मावलं. तेवढ्यालाच अग्नी दिला. बाकीचा तुलाराम कुठं गेला ते सगळ्यांना माहीत होतं. बोलत कोणी नव्हतं. धुरपता मात्र अजून रात्री दाराला कडी लावत नसे. अर्धाच माणूस पोचवला, अर्धा यायचा आहे, असं काहीतरी तिच्या मनात बसलं होतं.

वाघ पकडून नागपूरकडं पिंजऱ्यात नेला आणि जंगल निर्धास्त झालं. डुकरं दिवसाढवळ्या धानात शिरू लागली. चितळं बायकांच्या आधी येऊन मोहफुलं फस्त करायची, तुलारामच्या मोहाखालचीसुद्धा. "नवरा एकानं खाल्ला, मोह दुसऱ्यानं," धुरपता त्यांच्यावर ढेकळं फेकायची, "मी का हवा खाऊ?"

पण यंदा होळीनंतर काहीतरी फिरलं. बाकी झाडांखाली जमीन चाटूनपुसून साफ, आणि तुलारामच्या मोहाखाली फुलांचा थर जसाच्या तसा. खूर उमटलेला नाही, लेंडी पडलेली नाही. गावानं म्हटलं, तुलाराम राखण करते. धुरपताला ते इतकं बरं वाटलं की ती रोज वेचता वेचता त्याच्याशी बोलू लागली. भाजी खारट झाली, सिहोऱ्याला लेकीच्या, गुड्डीच्या सासूचं पुन्हा बिनसलं, असलं काहीबाही.

आजही ती खाली बसली. पुष्पाबाई मात्र लांबच थांबली.

"धुरपता... तुले सांगू का नोको, चार दिवस झाले इचार करून राहिली. तो मेला म्हणते."

"कोण वो?"

"मोठा. पिंजऱ्यातला. होळीच्या वक्ताले."

जंगलात वाघाचं नाव घेत नाहीत. धुरपताचा हात फुलांवरच थांबला.

तेवढ्यात वर वानर खोकलं. खॉक... खॉक. नाल्यापलीकडून चितळानं कूक दिली. शेजारच्या झाडावरची सगळी वानरं एकाच जागी टक लावून बसली होती. वानरं जिकडं बघतात तिकडं तो असतो, हे इथं लेकरालाही ठाऊक. वानरं धुरपताच्या अगदी बाजूला बघत होती. हात पुरेल एवढ्यावर.

तिथं काही नव्हतं. वरून फुलं टपटप गळत होती. फक्त त्या जागी पडणाऱ्या फुलांचा आवाज येत नव्हता.

"निंघ तिथून..." पुष्पाबाईचा आवाज चिरकला. "तो तुलाराम नाही वो. चितळ त्याले कधी भेले? त्याच्या बाजूनं चरत होते..."

"मले समजलं."

"मंग ऊठ ना!"

"बाई," धुरपता हळूच म्हणाली, "ज्याच्या पोटात माणूस गेला, त्याच्यासंगच येईन ना तो. एकटा कसा येईन?"

जंगलातून परतताना इथल्या बायका 'चला घरी' म्हणत नाहीत. मुकाट्यानं वळतात. ऐकणारं जे कोणी असेल ते मागं येतं म्हणतात. धुरपतानं टोपली डोक्यावर घेतली, पदर सारखा केला, आणि नवऱ्याशी बोलावं तसं, थोडं लाजून म्हटलं,

"गुड्डीचे बाबा... चाला घरी."

पुष्पाबाई किंचाळत पळत सुटली.

धुरपता मुद्दाम हळू चालली. वानरांचं खोकणं झाडाझाडावरून तिच्या सोबत सरकत होतं, थेट जंगल संपेपर्यंत. गावात कुत्री बैलबंड्यांखाली शिरून बसली होती. भुंकलं एकही नाही. तिनं मागं वळून पाहिलं नाही. तिला हुंदका येत होता आणि हसूही येत होतं, या वयात नवऱ्याला घरी आणतेय म्हणून.

घरी बकऱ्या कोपऱ्यात एकमेकींवर चढल्या होत्या. त्यातली एक म्हातारी तेवढी बाहेर आली. तुलाराम तिला तळहातावर मीठ द्यायचा. ती उघड्या दारापाशी आली, चारही पाय लटलट कापत होते, खालची जमीन ओली झाली होती. तरी तिनं मान वर केली आणि रिकाम्या हवेत चाटू लागली.

बराच वेळ चाटत राहिली. जीभ हवेतच वाकत होती, बोटांच्या बेचक्यांत शिरल्यासारखी.