मुकी पंगत

वात थोडी खाली करा. मला एवढा उजेड लागत नाही.

त्या संध्याकाळी मी फक्त जेवण पोचवायला गेले होते. पंच्याहत्तर साल होतं, पाडवा चार दिवसांवर आला होता. मिठागरांवर मीठ ओढायचे दिवस, त्यामुळे पुरुषमाणसं अंधार पडेपर्यंत तिकडेच. माझ्या सासूबाई, इंदुबाई, नेपाळच्या यात्रेला गेल्या होत्या. आमच्याच गावचे बावीस जण होते, आणि महिपतभाऊंनी ठरवलेली बस. रक्सौलवरून काठमांडू, शिवरात्रीला पशुपती, मग पोखरा, लुंबिनी, येताना काशी-प्रयाग. दीड महिन्याचा फेरा होता. बस आमच्या जवळच्या काशीमीऱ्याच्या नाक्यावर दिसल्याची वर्दी दुपारीच आली.

माझी आशा गेली त्याला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. चार वर्षांची होती. गोवर आला, आत शिरला, तीन दिवसांत सगळं संपलं. लोक म्हणायचे, सुलू रडत नाही. मला रडूच येत नव्हतं. भाकऱ्या थापायच्या, भांडी घासायची, कोणी विचारलं तर उत्तर द्यायचं. आत काही हलत नव्हतं. सासूबाईंनी वर्षभर बघून घेतलं आणि एक दिवस म्हणाल्या, "मी जातेय पशुपतीला. त्याला इचारतेय, एवढुशी पोर कशाला नेली?" त्या तशाच होत्या, देवाशीही भांडायच्या. बोलणाऱ्याची बोरं विकतात म्हणतात, सासूबाईंनी बोरांच्या आठळ्यासुद्धा विकल्या असत्या.

आमच्या गावात एक रीत होती. यात्रेहून आलेली माणसं त्या दिवशी घरी जात नाहीत. वेशीबाहेरच्या देवळाच्या मंडपात रात्र काढतात. सकाळी वाजतगाजत घरचे येतात, पायावर पाणी घालतात, "या घरात" म्हणतात, मगच गावात पाऊल. तोवर कोणी तोंडातून शब्द काढायचा नाही. त्या रात्रीच्या जेवणाला मुकी पंगत म्हणत. सुना जाऊन वाढतात, त्यांनीही बोलायचं नाही. मी पेणकडची, लग्न होऊन आलेली. रीत मला सांगितली होती, पण ती कशासाठी ते कोणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं.

दिवेलागणीला मी भात, वरण आणि वालाची भाजी घेऊन गेले. त्या दिवशी पंगत वाढायची पाळी आमच्या घराची होती, म्हणून मी एकटीच. मंडपात एकच कंदील टांगलेला. वारा उत्तनकडून येत होता, सुकत घातलेल्या मासळीचा वास घेऊन. दोन्ही बाजूंना भिंतीला टेकून सगळे बसलेले, प्रवासानं काळवंडलेले, माना खाली. शेकडो मैलांची धूळ अंगावर घेऊन बसलेली माणसं असतात ना, तशी. कोणी वर बघेना. मी पत्रावळी मांडत गेले.

सासूबाई अगदी टोकाला बसल्या होत्या, खांबामागे, उजेड पोचत नव्हता तिथे. पदर कपाळापर्यंत ओढलेला. मी पत्रावळ ठेवली, भात वाढला.

"सुले..."

मी थबकले. मौन पाळायची सवय नव्हती त्यांना, पण एक रात्र तरी धरवेल असं वाटलं होतं. मी ओठावर बोट ठेवलं.

"न्हाय गो धरवत," त्या हळूच म्हणाल्या. "लांबून आलेय. लय बघितलं."

आणि त्या सांगायला लागल्या. आवाज त्यांचाच, पण सपाट. नेहमीची आदळआपट नाही. "पशुपतीला सोन्याचा नंदी हाय, घराएवढा. बाहेरून त्याची पाठच दिसते... बुढानीळकंठाला देव पान्यात झोपलाय, नागाच्या अंगावर, उताना... पोखऱ्याला तलाव हाय. बर्फाचा डोंगर त्यात उलटा दिसतो, माशाच्या शेपटीवानी... स्वयंभूला चारी बाजूंना डोले काढलेत. कुठं बी उभं ऱ्हा, बघतात. मी न्हाय गेले त्यांच्या म्होरं. मी मागंच थांबले."

कोपऱ्यात गारवा होता, भर चैत्राच्या तोंडावर. तुपाची वात विझल्यावर येतो तसा वास येत होता. मला वाटलं, देवळाचाच असेल.

शेजारी विमलाबाई बसल्या होत्या, सासूबाईंची बालमैत्रीण. बसमध्ये दोघींची सीट एकच. मी वरण घ्यायला वाकले तशी त्यांनी माझा पदर गच्च धरला आणि जोरजोरात मान हलवली. डोळे भरलेले. मला वाटलं, भात नको म्हणताहेत, दीड महिना बाहेरचं खाऊन पोट बिघडलं असेल. मी हळूच पदर सोडवून घेतला.

"सुले," सासूबाई म्हणाल्या, "आशा भेटली."

माझ्या हातात वरणाचं भांडं होतं. ते पडलं नाही. तुम्हाला वाटेल मी किंचाळले असेन. काही झालं नाही मला. मी भांडं खाली ठेवलं, इतकंच.

"कुठं?" मी विचारलं. मौन मोडलं ते तेव्हा. सगळ्या मंडपातून एकच श्वास आत ओढल्यासारखा आवाज आला, पण कोणी बोललं नाही.

"वाटंवर. मागं हाय, येतेय. मला घरी ने. उद्यापतोर न्हाय थांबवत... तू ने, म्हंजे ती पन येईल."

विमलाबाई उठून उभ्या राहिल्या. दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलेलं. त्या नुसत्या मान हलवत होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं, आणि खरं सांगते, मला कळलं की काहीतरी चुकतंय. मेलेली पोर वाटेवर भेटत नसते, एवढी अक्कल मला होती. पण दीड वर्षात पहिल्यांदा माझ्या आत काहीतरी हललं होतं. ते पुन्हा थांबलं असतं तर मी मेले असते.

मी कंदील घेतला नाही. मिठागराच्या बांधावरून घरी आले. सगळ्या वाटेवर मिठाच्या राशी पांढऱ्या दिसत होत्या. मागे पावलं वाजत नव्हती, पण तो वास होता आणि अधूनमधून आवाज. "हाय गो, मागंच हाय." मी वळून बघितलं नाही.

दारात आल्यावर तांब्या भरून आणला. उंबऱ्याबाहेर पायांवर पाणी घातलं. पाणी पायावर पडलं की एक आवाज येतो. तो आला नाही. सरळ मातीवर पडल्याचा आला. मी म्हटलं, "या घरात."

त्या आल्या आणि सरळ माजघरात जाऊन त्यांच्या पाटावर बसल्या.

माझे यजमान पुंडलिक आठ वाजता आले. मी म्हटलं, आई आल्या. ते माजघराच्या दारात गेले, आत बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "सुलू, आत कोणीच नाहीये." मी म्हटलं, पाटावर बघा. ते उंबऱ्यावरून आत वाकले. मग त्यांना तो वास आला असावा, कारण ते मागे सरकले आणि ओट्यावर जाऊन बसले.

सकाळी वाजंत्री वाजली नाही. स्वतःच्या पायावर पाणी पडताच विमलाबाई धावत आमच्याकडे आल्या. त्या उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत. बाहेरूनच बोलल्या.

"सुले, इंदू काठमांडूलाच गेली गो. शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी. सकाली उठलीच न्हाय. बागमतीच्या घाटावर जाललं तिला. महिपतभाऊनं तार केलेली, गावाचं नाव चुकलं, परत आली."

 पुंडलिक रडायला लागले. त्यांचं रडणं ऐकून मला त्यांचा हेवा वाटला, एवढं आठवतं.

विमलाबाई सांगत होत्या. अस्थींचं गाठोडं त्यांनी सीटवर स्वतःशेजारी ठेवलं होतं. आमच्याकडे अस्थी नेताना त्यांना सांगत न्यायचं असतं, आता गाडीत बसतोय, आता नदी ओलांडतोय, चल. नाही सांगितलं तर जीव मागे राहतो. इंदूनं पैसे भरलेत, तिनं सगळं बघायला हवं, म्हणून विमलाबाई तिला प्रत्येक ठिकाण दाखवत गेल्या. हे बघ स्वयंभू, हा बघ तलाव, चल गो इंदू, उतर. दहाव्या दिवशी रामदीच्या घाटावर काळ्या गंडकीत अस्थी सोडल्या. "आता जा," असंही म्हणाल्या.

"मंग संपलं की," मी म्हटलं.

"संपलं. पन मला ती रिकामी सीट बघवेना गो. तोंडाला सवय लागलेली. रामदी सोडली आनि मी उगाच म्हनले, चल गो इंदू." त्यांनी पदर तोंडाला लावला. "तर सीटवरून कोनी तरी 'हूं' म्हनलं. इंदूनं जल्मात कधी हूं म्हनलं न्हाय. ती 'हाय' म्हनायची. पन मला बरं वाटलं... मी बोलत ऱ्हायले. लुंबिनी, काशी, प्रयाग, सगलीकडं. घरचं समदं सांगितलं मी तिला. तुजं, पुंडलिकाचं... आशाचं बी."

 मग त्यांनी मुक्या पंगतीची गोष्ट सांगितली, जी मला आधी कोणीतरी सांगायला हवी होती. वाटेवरून मागे लागून आलेलं जे असतं, त्याला गप्प बसवत नाही. त्या रात्री जो बोलेल तो आपला नव्हे. म्हणून सगळ्यांनी तोंड बंद ठेवायचं, म्हणजे ते ओळखू येतं. आणि त्याला जो उत्तर देईल, त्याच्या घरी ते जातं.

पालीहून भगत आणला. तो उंबऱ्यावरून आत बघून म्हणाला, जिनं "या" म्हटलं तिनंच "जा" म्हटलं पाहिजे, दुसऱ्या कोणाचं काम नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. एकच अक्षर. पुंडलिकांनी माझे पाय धरले, नवऱ्यानं बायकोचे. मी "जा" म्हटलं नाही.

चार वर्षं झाली. पुंडलिक मिठागरावरच्या झोपडीत झोपतात, जेवायला ओट्यावर येतात, आत येत नाहीत. त्यांचा राग नाही मला. मी दिवसभर काम करते. दिवे लागले की माजघरात पाटासमोर बसते. ते सांगतं, नंदीची पाठ, उलटा डोंगर, पाण्यात झोपलेला देव. शब्द तेच, क्रम तोच. ते सासूबाई नाहीत हे मला पहिल्या आठवड्यातच पटलं होतं. सगळं सांगून झालं की मी विचारते, "आशा?" ते म्हणतं, "मागं हाय. येतेय." आणि मला झोप लागते. त्या तीन शब्दांवर मी चार वर्षं काढली.

काल मी विचारायच्या आधीच ते म्हणालं, "आली."

मी ओटीवर आले. पुढच्या दाराला खाली बोटभर फट आहे. बाहेर चांदणं होतं, पुंडलिक जेवून केव्हाच झोपडीकडे गेले होते. दारापलीकडून कोणीतरी म्हणालं, "आई." आवाज आशाचा होता. चार वर्षांच्या पोरीचा, जसाच्या तसा, सर्दी झालेला. मी खाली वाकून फटीतून बघितलं.

दोन पाय होते. पुरुषाचे, मोठे, टाचा माझ्याकडे, आणि हाक मात्र दाराला तोंड लावून येत होती.

मी दार उघडलं नाही. पण मला भीतीही वाटली नाही, हे तुमच्यापासून लपवत नाही. आज पुन्हा हाक आली, तर मी काय म्हणेन ते मला माहीत आहे. उंबऱ्याशी तांब्या मी संध्याकाळीच भरून ठेवलाय.