सहा ताज्या खाचा

"माफी मागा म्हणतोय. मी? माफी?" भिवराबाईंनी तक्रारीचा कागद टेबलावर आपटला.

धोंडवाडीच्या या सरपंच सकाळच्या पहिल्या एसटीने अंबाजोगाईला आल्या होत्या. खाजगी तपासनीस रुद्राणीताईंनी कागद उचलला. त्यांचे सोबती, वकील राजेश्वर, अजून चष्मा शोधत होते.

गावच्या टेकडीवर जुन्या दगडखाणीच्या खुणा होत्या. खडकातून अर्धवट सोडवलेला एक खांब, आणि दगड फोडायला पाचरी ठोकण्यासाठी कोरलेल्या नऊ चौकोनी खाचा. टेकडी वाचावी म्हणून भिवराबाईंनी पुरातत्त्व खात्याकडे अर्ज केला होता. गेल्या आठवड्यात तिथेच सहा नव्या खाचा उगवल्या, आणि खडीक्रशरचा मालक रविराज याने तक्रार ठोकली.

रुद्राणीताईंनी वाचलं, "'सहा खाचा, प्रत्येकी चार बोटं खोल, ताज्या कोरलेल्या. सरपंचांनी पाथरवट शहादेवकडून करवून घेतल्या. सबब जुन्याही बनावट समजाव्यात.'"

"उद्या खात्याचे सायब तपासणीला येतेत. माफी मागून अर्ज मागं घेतला तर रविराज तक्रार मागं घेणार. मग सुरुंग लावून टेकडी सपाट."

"आणि नाही घेतला तर तुमच्यावर गुन्हा," राजेश्वर म्हणाले. "विचार करा, बाई."

"केलाच न्हाई तो गुन्हा मी कबूल कावून करू?"

दुपारी तिघं टेकडीवर पोचले. जुन्या खाचांच्या कडा झिजून गोल झाल्या होत्या, आत माती बसली होती. नव्यांच्या कडा लखलखीत होत्या. पण त्या प्रत्येकीत, एक बोट खाली, तरटाचा घट्ट बोळा कोंबलेला होता.

"कुणीतरी कचरा टाकला," राजेश्वर म्हणाले.

"सहाही खाचांत? आणि जुन्या नऊंपैकी एकीतही नाही?"

रुद्राणीताईंनी एकच बोळा उपसला. खाच मोजली. बरोबर चार बोटं. बाकीच्या पाचांना त्यांनी हात लावला नाही.

शहादेव छिन्नीने पाटा टाकवत बसला होता. टेकडीवर येऊन त्याने खडकावर हातोडी वाजवली, कान लावला आणि तोंड वाकडं केलं. "दगडाची शीर आडवी हाय, ताई. हितं पाचरी मारल्या तर नुसता टवका निघंल. ही रांग पाथरवटाची न्हाईच."

"आणि हे तरट?"

"खाच झाली की पाचर बसवायची. तरट कशाला कोंबू?"

नव्या खाचा पहिल्यांदा दिसल्या त्या आदिनाथ मास्तरांना. "मी बोटसुद्धा लावलं नाही. फोटो काढला आणि गावाच्या ग्रुपवर टाकला," ते म्हणाले. फोटोत बोळे स्पष्ट दिसत होते.

रविराज क्रशरवर भेटला. समोर सुरुंगासाठी मारलेल्या भोकांची रांग होती. "वर्षभरात मी टेकडी चढलो न्हाई, बाई. मास्तरचा फोटो पाह्यला, तक्रार दिली." बोलता बोलता त्याने शेजारच्या भोकात तरट कोंबून टाचेने दाबलं. "भुगा आत गेला की भोक वाया. पंधरा वर्षं भोकंच मारली, मग मालक झालो."

"बापरे, मेहनतीचा माणूस," परतताना राजेश्वर म्हणाले. रुद्राणीताई तक्रारीचा कागद पुन्हा वाचत होत्या.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. निम्मं गाव टेकडीवर जमलं.

"साहेब, या खाचा ताज्याच आहेत," रुद्राणीताई म्हणाल्या. भिवराबाईंनी दचकून पाहिलं. "प्रश्न कोरल्या कुणी, एवढाच. जुन्या खुणा जपणाऱ्याने जुन्या खाचा झाकल्या असत्या. पाथरवट झाकतच नाही. मारलेलं प्रत्येक भोक हाताला सवय म्हणून बुजवतो, तो सुरुंगवाला."

रविराज हसला. "तरट कुणीपण कोंबंल. ह्याला पुरावा म्हणत्यात व्हय?"

"नाही. पुरावा तुमच्या सहीचा आहे." त्यांनी तक्रार साहेबांच्या हाती दिली. "खाली वाकून पाहा. खाच किती खोल दिसते?"

साहेब वाकले. "एक बोट. खाली तरट आहे."

"फोटोतही तेवढंच दिसतं. मी एक बोळा काढला तो तक्रारीनंतर. हे पाच अजून तसेच आहेत. आता काढा."

साहेबांनी स्वतः एकेक बोळा उपसून पट्टी टाकली. पाचही वेळा चार बोटं.

"वर्षभर टेकडी न चढलेल्या माणसाला तरटाखालची खोली कशी कळली? कोंबण्याआधी ती एकानेच पाहिली होती. कोरणाऱ्याने."

"बे रविराज, आता बोल की!" गर्दीतून आवाज आला. रविराजने कपाळाचा घाम पुसला आणि भिवराबाईंकडे वळला. "मावशी, गावातलं गावात मिटवू. सिमेंट आणतो, बुजवून टाकतो सहाही."

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. "काय म्हणता, सरपंचबाई? बुजवायच्या?"

भिवराबाईंनी पदर खोचला.

"एकबी बुजवायची न्हाई. जुन्या नऊ कुणी कोरल्या त्यांची नावं कुणाला ठावं न्हाईत. पण ह्या सहाचा कारागीर हितं हुभा हाय. खात्याची पाटी लागंल तवा त्याचं नाव नीट, मोठ्या अक्षरात लिवा."