सेकाईचा शिकाऊ

"जरा सरकता का? सगळं ऊन तुमच्याकडे गेलंय."

सेकाईनं फायलीतून मान वर केली. बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक उंच तरुण काखेत हात घालून कुडकुडत बसला होता. जुलैत, ऐन हिवाळ्यात, गॅबरोनीची सकाळ हाडं गोठवते, आणि परदेशी नागरिकांच्या त्या कचेरीत उन्हाचा एकच पट्टा खिडकीतून आत यायचा. मघाशी तो त्याच्या गुडघ्यांवर होता; आता सेकाईच्या मांडीवर आला होता.

ती सरकली. पण सरकताना तिनं पर्स उचलून पलीकडे ठेवली.

"घाबरलात?"

"नाही. पर्सला थंडी वाजत होती."

तो हसला. दात छान होते त्याचे... सेकाईचं लक्ष आधी दातांकडेच जायचं. ती कवळ्या बनवायची. माणसाचे डोळे तिला नंतर दिसत.

"तुम्ही तर इथलेच दिसता," ती म्हणाली. "मग परदेश्यांच्या रांगेत काय करताय?"

"माझी रांग शेजारच्या कामगार खात्यात आहे. तिथं ऊन येत नाही."

उत्तर सरळ होतं, आणि सेकाईला सरळ उत्तरांचीच धास्ती वाटायची. शेजारच्या झिम्बाब्वेहून इथं येऊन तिला अकरा वर्षं झाली होती. दर दोन वर्षांनी कामाच्या परवान्यासाठी या बाकावर बसून ती एवढं शिकली होती, की इथं आपणहून बोलायला येणाऱ्याला काहीतरी हवं असतं. एखादा दलाल असतो, एखादा साध्या कपड्यांतला पोलीस. तिनं पुढे काही विचारलं नाही.

तिचा नंबर आला. खिडकीतल्या बाईंनी फाईल चाळली, चष्मा वर केला आणि सगळ्या बाकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अकरा वर्षं? आणि अजून तुमचं काम करणारा इथला एकही माणूस तयार झाला नाही?"

"माझं काम शिकायला कुणी येतच नाही, म्मा," इथं बाईला आदरानं म्हणतात तसं सेकाई म्हणाली.

"आता येईल. यावेळी दोन वर्षं नाही, चारच महिने मिळतील. एका नागरिकाला काम शिकवायचं. तो शिकला की तसं लिहून द्यायचं. मग तुमचं काय करायचं ते बघू."

शिक्का बसला. सेकाई वळली, तर तो तरुण तिच्याकडेच बघत होता. त्याच्या नजरेत कीव होती की आणखी काही, ते तिला कळेना.

"चहा घेणार?" त्यानं विचारलं.

"नाही," असं म्हणून ती बाहेर पडली. कोपऱ्यावर पोचेपर्यंत तिनं दोनदा मागं वळून पाहिलं... तो आपल्या मागून येतोय का, ते बघायला. निदान तिनं स्वतःला तरी तसंच सांगितलं.

पुढच्या सोमवारी ती कामावर गेली, तर दवाखान्याच्या मालकीण डॉक्टर बोइकान्यो दारातच उभ्या होत्या.

"सेकाई, हा ओतेंग मोलेफे. कामगार खात्यानं पाठवलाय. तुझा शिकाऊ."

तोच होता. उन्हाचा पट्टा मागणारा.

"नमस्कार, म्मा," तो अवघडून म्हणाला. "मला खरंच माहीत नव्हतं..."

"काय माहीत नव्हतं?"

"की ते काम म्हणजे तुमचं काम."

सेकाईनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. योगायोगावर विश्वास ठेवण्याइतकी ती आता लहान राहिली नव्हती. हा त्या दिवशी आपल्याला बघायला आला होता; ज्या बाईची खुर्ची घ्यायची ती दिसते कशी, बोलते कशी, ते हेरायला! तिनं कोपऱ्यातलं प्लास्टरचं पोतं दाखवलं.

"हे कालवायचं. गुठळी राहता कामा नये."

"किती दिवस?"

"मी सांगेन तितके."

तिनं त्याला पाच आठवडे प्लास्टर कालवायला लावलं. मेणात दात बसवायची वेळ झाली की ती त्याला काहीतरी आणायला बाहेर पिटाळायची. तोही गुणी बाळासारखा जायचा, आणि येताना कोपऱ्यावरून गरम मग्विन्या आणायचा. पिठाच्या तळलेल्या त्या गोळ्यांचा वास खोलीभर पसरायचा. सेकाई आधी नको म्हणायची, मग एक उचलायची आणि मनात म्हणायची, लाच आहे ही.

"म्मा, तुमच्या नावाचा अर्थ काय?" एकदा त्यानं विचारलं.

"हसा."

"का? अर्थ सांगा ना."

"तोच अर्थ. सेकाई म्हणजे हसा."

त्यानं हातातलं भांडं खाली ठेवलं. "आणि पाच आठवड्यांत मी तुम्हाला हसताना एकदाही पाहिलं नाही!"

तिनं ओठ घट्ट मिटले. पण हसू यायचं ते आलंच... आणि ते लपवायला ती कपाटाकडे वळली.

एकदा एका गिऱ्हाइकाच्या दातांचा रंग जुळेना. कुणाच्या तरी खऱ्या दातांवर छटांची पट्टी धरून बघायला हवी होती. ओतेंग मुकाट्यानं खिडकीपाशी येऊन बसला. सेकाईनं पट्टी त्याच्या ओठांजवळ धरली. एक छटा, दुसरी, तिसरी. त्याचा श्वास तिच्या बोटांवर येत होता. पट्टी थरथरली का? बहुतेक वाऱ्यानं. पण खिडकी तर बंद होती.

"इतक्या जवळून माझ्याकडे कुणी बघितलं नव्हतं," तो हलकेच म्हणाला.

"बोलू नका. रंग बदलतो."

"दातांचा?"

तिनं चौथी छटा पुढं केली. तिचे कान तापले होते.

मग दात बसवायला शिकवणं भागच पडलं, आणि तिथं घोटाळा सुरू झाला. ओतेंगला ते जमेचना. सुळे वाकडे बसायचे, कधी आत, कधी बाहेर. सेकाई पुन्हापुन्हा दाखवायची, तो पुन्हापुन्हा चुकायचा. मनातून ती सुटकेचा श्वास टाकायची, आणि लगेच तिला त्या सुटकेची लाज वाटायची. त्यातच एक गोष्ट तिला खटकायला लागली. नवखा माणूस कुठंही चुकतो. ओतेंग मात्र नेमके तेच दोन दात चुकवायचा, आणि बाकीचे बारा असे बसलेले असायचे की नखाला फट लागू नये.

सप्टेंबरात एका दुपारी ती परवान्याची चौकशी करायला कचेरीत गेली. "फाईल वरच्या मजल्यावर आहे, उद्या या," असं तिला तिथं चौथ्यांदा सांगण्यात आलं. ती तासभर आधीच परतली. दार अर्धवट उघडं होतं.

आत ओतेंग गुणगुणत काम करत होता. मेणावर एकेक दात बसत होता आणि गरम सुरी हिरडीवरून पाण्यासारखी फिरत होती. वर्षानुवर्षं हेच काम केलेल्या माणसाचे हात होते ते. कवळी पूर्ण झाली. त्यानं ती उजेडात धरली, डोळे बारीक करून डावं-उजवं पाहिलं. मग सुस्कारा सोडून सुरी पुन्हा तापवली, आणि दोन्ही सुळे शांतपणे वाकडे केले.

"कोण आहेस तू?"

सुरी त्याच्या हातातून पडली. सेकाई दारात उभी होती. इतके दिवस जपलेलं 'तुम्ही' रागाच्या भरात कुठल्या कुठं गेलं होतं.

"म्मा, ऐकून घ्या..."

"कुणी पाठवलं तुला? काय लिहून कळवतोस त्यांना? ही बाई चोरून काम राखते, शिकवत नाही, असंच ना?"

"कुणी नाही पाठवलं. मी फ्रान्सिसटाउनला सात वर्षं हेच काम केलंय. ते दुकान बंद पडलं, मालक गायब झाला, दाखला कुणीच दिला नाही. कागदावर मला काहीच येत नाही."

"मग पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस?"

"सांगणारच होतो. पण दारात तुम्हाला पाहिलं आणि खिडकीतल्या त्या बाईंचं बोलणं आठवलं. तो शिकला की तुमचं काय करायचं ते बघू." तो थांबला. "मग मी ठरवलं, शिकायचंच नाही."

खोलीत नुसता मेणाचा वास होता. सेकाई स्टुलावर बसली. कुणीतरी आपल्यासाठी इतकं करतंय याचं सुख वाटायला हवं होतं. आला तो संशयच. हा उपकार आहे, आणि उपकार करणारा कधीतरी मागायला येतो... काय मागेल हा? आणि त्यानं मागितलं नाही तर आपल्याला वाईट वाटेल, हे आत कोण बोललं?

डॉक्टर बोइकान्योंना सगळं कळलं तेव्हा त्या खो-खो हसल्या. "अगं वेडे, मग लग्न करून टाक त्याच्याशी! कागदही होईल आणि दवाखान्याला दोन कारागीर मिळतील."

त्या चेष्टेत बोलल्या, पण ते वाक्य सेकाईच्या पायात काट्यासारखं राहिलं. त्यानंतर ओतेंगनं चहाचा कप पुढं केला की तिला वाटायचं, आपण याच्याकडे बघतोय की याच्या ओळखपत्राकडे? आरशात ती स्वतःचे डोळे तपासायची. अकरा वर्षं कचेरीनं तिच्यावर संशय घेतला होता. आता ते काम तिनंच हाती घेतलं होतं.

ऑक्टोबरअखेर अर्ज भरायचा होता. 'नागरिक स्वतंत्रपणे काम करू शकतो का?' या प्रश्नापुढे सेकाईनं स्वच्छ अक्षरात 'होय' लिहिलं आणि सही केली.

ओतेंगनं ते वाचलं आणि त्याचा चेहरा उतरला. "हे काय केलंत? अजून वेळ आहे, खोडा ते!"

"खरं ते लिहिलं. तुला दाखला मिळेल. आणि मला कुणाच्या वाकड्या सुळ्यांवर इथं राहायचं नाही."

"ते तुम्हाला जायला सांगतील."

"सांगू देत."

आणि त्यांनी सांगितलं. चौदा दिवसांत देश सोडावा, एवढंच त्या पत्रात होतं. सेकाईनं ते दोनदा वाचलं, घडी करून साच्यांच्या फळीवर ठेवलं आणि हात धुतले. ओतेंग तिच्यामागं येऊन उभा राहिला.

"माझ्याशी लग्न करा."

"नाही."

"आवडत नाही मी?"

"ओतेंग..." तिनं ओले हात तसेच धरले. "आज मी हो म्हटलं, तर उद्या तुला संशय येईल. तुला नाही आला, तरी मला माझा येईल. रोज सकाळी येईल. असं घर मला नको."

"मग मी काय करू?"

"काही करू नकोस. माझ्या हत्यारांना तेल देत जा."

ती झिम्बाब्वेत, बुलावायोला परतली. आईच्या घरची पडवी आडोसा लावून बंद केली, एक बाक आणि टेबल मिळवलं, दोन दंतवैद्यांकडे जाऊन काम मागितलं. पहिल्या आठवड्यात एक कवळी, दुसऱ्यात तीन. चाललं असतं. नवं टेबल तिनं खिडकीला लावलं होतं, तरी उजेड अपुरा वाटायचा. ओतेंगचा फोन यायचा; ती कामाचं बोलून ठेवून द्यायची, आणि मग मेण थंड होईपर्यंत नुसती बसून राहायची.

डिसेंबरातल्या एका शुक्रवारी आई आत येऊन म्हणाली, "बाहेर एक लांबुडका माणूस आलाय. तू इथं राहतेस का विचारतोय. घेणेकरी दिसतो."

ओतेंग फाटकात उभा होता. सरहद्दीवर सहा तास उन्हात तिष्ठलेला, शर्ट पाठीला चिकटलेला.

"किती दिवसांचा शिक्का दिलाय?" तिच्या तोंडून पहिला प्रश्न हाच निघाला.

"सातच. कशासाठी आलास, कुणाकडे, कधी परत जाणार... तीनतीनदा विचारलं. त्या माणसाला माझं एकही अक्षर खरं वाटत नव्हतं."

"काय सांगितलंस?"

"एका बाईला भेटायला चाललोय, ती हो म्हणेल की नाही ठाऊक नाही. तेव्हा कुठं त्यानं शिक्का मारला." त्यानं कपाळ पुसलं. "सेकाई, तू परत गॅबरोनीला ये असं मी म्हणत नाही. इथं राहायचं तर मी इथं येतो. बाक आहे?"

तो तिला पहिल्यांदाच 'तू' म्हणाला होता. तिनं ते ऐकलं, आणि ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

"एकच आहे. अरुंद आहे."

"सरकून बसू."

"इथं परदेशी होशील तू. दर वर्षी रांगेत उभं राहावं लागेल. लोक म्हणतील, हिनं कागदासाठी धरलाय याला, किंवा यानं हिला."

"म्हणतील. तू काय म्हणतेस?"

सेकाईनं मागं पाहिलं. अंगणातल्या आंब्याखाली आई उगाचच झाडलेली जागा पुन्हा झाडत होती, कान इकडेच लावून.

"मी म्हणते..." तिनं बोटाला लागलेलं मेण खरवडलं. "त्या पट्टीच्या वेळी वारा नव्हता, ओतेंग. माझाच हात थरथरत होता. त्या दिवसापासून तू मला आवडतोस. पण खरं सांगू? मनात अजूनही कुठंतरी थोडा संशय आहे. तुझ्याबद्दल, माझ्याबद्दल... तो जाईल असं मला वाटत नाही."

"मग?"

"मग काही नाही. त्याच्यासकट हो म्हणतेय."

मग सावकाश, जणू कुणी हरकत घेईल अशा बेतानं, त्यानं तिचा मेणानं माखलेला हात हातात घेतला.

आईनं झाडू भिंतीला टेकवला. "घेणेकरी नाही तर हा?" ती ओरडली. "मग फाटकात काय उभं ठेवलंयस त्याला? ताटातला मक्याचा साद्झा निवतोय, आत आण!"