लवंगीच्या पेटीतले उडते ठिपके

"किडे! ठोकळ्या, अरे धाव, किडे!"

शरयूने काचेच्या पेटीला नाक लावलं होतं. आत तिची लाडकी धामण लवंगी वेटोळं घालून पडली होती आणि तिच्या आजूबाजूला नारळाच्या भुशातून पांढरे ठिपके टणाटण उडत होते. तेही थेट झाकणापर्यंत!

ही गोष्ट चंद्रावरच्या सोनचाफा वसाहतीतली बरं का. धान्याच्या पोत्यांतून उंदीर तिथेही पोचले होते (मेले कुठे पोचत नाहीत!), म्हणून गोदामाच्या राखणीला लवंगीला आणलं होतं. ती पेन्सिलीएवढी होती तेव्हापासून शरयूनेच तिला सांभाळलं होतं.

नेमक्या त्याच वेळी वसाहतप्रमुख नाईकनवरेकाकू आत आल्या.

"अगं बाई! हे काय उडतंय? आधीच शेतघुमटात बुरशीने टोमॅटोची रोपं झोपवलीत, त्यात हे रक्तपिपासू किडे! उद्याच्या यानाने हा साप पृथ्वीवर परत जाणार. आणि पेटी भट्टीत."

"काकू, नको ना! कोणते किडे आहेत ते तरी बघू द्या!"

"बघ बाई. संध्याकाळपर्यंत वेळ आहे तुला."

काकू गेल्या आणि शरयूच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. ठोकळा, म्हणजे शाळेचा चौकोनी यंत्रमानव, चाकांवर घरंगळत जवळ आला.

"रडून किडा ओळखता येत नाही, ताईसाहेब. उलट भिंग ओलं होतं. काकूंना कोणत्या किड्याची भीती वाटते, ठाऊक आहे?"

"नाही."

"माइटची. गोचिडीची धाकटी बहीणच म्हण. ती परजीवी असते (दुसऱ्याच्या जिवावर जगणारी). सापाच्या खवल्यांखाली, डोळ्यांच्या कडेला दडून रक्त पिते. काळपट, खसखशीच्या दाण्याहून बारीक. सापाला इतकी खाज सुटते की बिचारा सारखा पाण्याच्या भांड्यात बसतो. मग पाण्यात काळे ठिपके तरंगतात."

शरयूने डोळे पुसले. पाण्याचं भांडं उचलून दिव्याखाली धरलं. पाणी नितळ होतं! मग तिने लवंगीला हळूच हातावर घेतलं. भिंगातून डोळ्यांच्या कडा पाहिल्या, हनुवटीखालची घडी पाहिली. पांढरा ओला कापूस डोक्यापासून शेपटीपर्यंत फिरवला. लवंगी जीभ काढून गंमत बघत राहिली. कापसावर काळा ठिपका नाही, की लाल डाग नाही.

"ठोकळ्या, माइट उडी मारते का रे?"

"छे! ती नुसती चालते."

"आणि हे तर उडतात!" शरयूने एक ठिपका चिमटीभर भुशासकट भिंगाखाली घेतला. लांबुळका पांढरा जीव, पोटाखाली दुमडलेला इवलासा चिमटा. काडी लागताच चिमटा खाडकन उघडला आणि स्वारी गायब!

"स्प्रिंगटेल!" ठोकळ्याचे दिवे लुकलुकले. "पोटाखाली स्प्रिंग असलेला जीव. रक्ताला तोंडही लावत नाही. ओल्या मातीतली बुरशी खातो."

"पण इतका उंच?"

"तूच सांग. पृथ्वीवर तू किती उंच उडायचीस?"

शरयूने कपाळावर हात मारला. चंद्राचं गुरुत्वाकर्षण (वस्तूला खाली ओढणारं बळ) पृथ्वीच्या सहाव्या हिश्श्याएवढंच! उडी तीच, पण तिला खाली ओढणारं बळ कमी.

"आले कुठून ते कळलं. कोकणातून आलेल्या नारळाच्या भुशातून," ती पुटपुटली. "पण एवढे वाढले कसे? बुरशी कुठे आहे?"

तिने भुसा उकरला. खाली करड्या लवीने माखलेले मऊ गोळे निघाले. शरयूचे कान लाल झाले. नागपंचमीला तिनेच लवंगीपुढे लाह्या वाहिल्या होत्या! साप दूध पीत नाही हे पक्कं ठाऊक असल्याने दुधाची वाटी तिने बाहेर ठेवली होती, पण लाह्यांनी काय होतंय, म्हणून पसाभर आत टाकल्या. त्या भुशाखाली गेल्या, भिजल्या, सडल्या.

"सण आपला, शिक्षा मात्र लवंगीला," ती म्हणाली आणि बाह्या सरसावून कामाला लागली. ओला भुसा किड्यांसकट भट्टीत टाकायला डब्यात भरून काढला. पेटी गरम पाण्याने धुऊन सुकवली. हवेची तुंबलेली जाळी मोकळी केली. नवा भुसा आधी भट्टीत तापवून, थंड करून घातला. यापुढे बाहेरून येणारी प्रत्येक वस्तू विलगीकरणात (सगळ्यांपासून वेगळी) ठेवायची आणि घाण दिसताक्षणी काढायची, असं तिने स्वतःलाच बजावलं.

संध्याकाळी काकू आल्या. शरयूने कापूस दाखवला, पाणी दाखवलं, भिंगाखाली एका स्प्रिंगटेलची उडी दाखवली आणि लाह्यांची गोष्टही न लपवता सांगितली.

काकू बराच वेळ भिंगातून डोळा काढेनात.

"बुरशी खातात म्हणालीस?"

"फस्त करतात, काकू!"

"आणि रोपं?"

"रोपांना त्रास नाही," ठोकळा म्हणाला. "पण आधी एकाच वाफ्यात सोडून बघा. खात्री पटली की पुढे."

काकूंनी भट्टीकडे निघालेला तो डबा झटकन पोटाशी धरला. "मग हे कशाला जाळताय? राहू दे माझ्याकडे! आणि लवंगी कुठेही जात नाही."

शरयूने अशी काही उडी मारली, की डोकं छताला टेकलं.

दुसऱ्या दिवशीचं यान लवंगीशिवायच गेलं. काही आठवड्यांनी घुमटातल्या त्या एका वाफ्यातली बुरशी ओसरली आणि रोपांनी माना वर काढल्या. चंद्रावरचा पहिला टोमॅटो पिकला, तेव्हा काकूंनी तो शरयूच्या हातात ठेवला.

"आणि पुढच्या नागपंचमीला लाह्या?" त्यांनी डोळे मिचकावत विचारलं.

"त्या आपण खायच्या," शरयू टोमॅटोचा लचका तोडत म्हणाली. "लवंगीला उंदीर!"