बिनकामाची हाक

पहिल्या भेटीत त्यानं मला विद्यार्थिनी समजून धीर दिला होता.

जिन्यात उभी राहून मी मुलांची नावं पुटपुटत होते. वर चढता चढता तो थांबला. "घाबरू नका. पहिलं वाक्य पाठ असलं की बाकीची मागून येतात. नंबर कितवा तुमचा?"

"पहिलाच," मी म्हटलं. "परीक्षकांच्या टेबलाशी. तुमच्या शेजारी."

कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला बिचारा! देवानं लाज वाटायला घेतली तेव्हा अख्खं मापच याच्या पदरात ओतलं असावं.

तो बाहेरचा परीक्षक. वर्षातून एकच दिवस यायचा. आमच्या विषयाची तोंडी परीक्षा अशी, की मुलांनी एखाद्या तत्त्वज्ञाचा विचार घ्यायचा, आपल्या जगण्याला लावायचा आणि समोरच्याला पटवून द्यायचा. आम्ही दोघांनी पन्नासपैकी गुण द्यायचे, एकमेकांना न दाखवता. पाचापेक्षा जास्त फरक पडला तर मुलं गेल्यावर बसून चर्चा करायची. नाही पडला तर सह्या करायच्या आणि आपापल्या घरी जायचं.

आणि आमचा फरक कधी पडायचाच नाही हो! शेजारच्या खोलीतले परीक्षक चहा गार होईपर्यंत भांडायचे. आमच्या आपल्या दोन सह्या, आणि "बरंय, येतो." मग वर्षभर मी त्या "येतो"वर दिवस काढायचे.

"भांड की एकदा," वहिनी म्हणायची. "तुझा दादा मला भांडणातच कळला."

"कशावरून भांडू?"

"इश्श, त्याला कारण लागतं होय!"

यंदा त्याचं शेवटचं वर्ष होतं. चार वर्षं झाली की बाहेरचा परीक्षक बदलतो. सकाळी देवापुढे हात जोडून म्हटलं, देवा, सोनंनाणं नको, एवढा एक मतभेद दे.

देव गालात हसला असणार. दुपार कलली तरी आमचे आकडे एकमेकांना चिकटूनच.

"तुमचं पेन माझ्या आधी थांबतं," तो हळूच म्हणाला.

"तुमचं लक्ष भाषणाकडे असावं, सर."

"कान आहेत भाषणाकडे. डोळ्यांना काम काय?"

मी खाली मान घालून उगाच कागद सारखे केले… आणि ठरवलं. शेवटच्या मुलीला मुद्दाम कमी गुण द्यायचे. चर्चेत वाढवता येतीलच. मुलीचं नुकसान नाही, आणि मला… मला निदान तो चहा गार होईपर्यंत मिळेल.

शेवटची मुलगी आली. आवाज बारीक म्हणून सगळे तिला चिमणी म्हणायचे. तिनं घेतला होता जवळजवळ जन्मभर आपल्याच गावात राहिलेला एक जुना तत्त्वज्ञ. तो सांगून गेला, माणसाला नुसतं साधन करू नका.

"माझ्या ताईला घरात दिवसभर हाका पडतात," चिमणी म्हणाली. "ताई, पाणी. ताई, किल्ली. परवा मी तिला नुसतीच हाक मारली. ती हात पुसत धावत आली. म्हणाली, काय देऊ? मी म्हटलं, काही नको. तर ती… ती रडायलाच लागली." मध्येच तिचं पुढचं वाक्य हरवलं. ते शोधून तिनं शेवट केला, "आज एकाला तरी, काही काम नसताना हाक मारा."

माझं पेन कागदावर टेकलेलं होतं. हिलाच साधन करायला निघाले होते मी! डोळे पुसले आणि खरे गुण लिहिले.

मुलं गेली. "बेचाळीस," तो म्हणाला.

"बेचाळीस."

दोन सह्या झाल्या. "बरंय," तो म्हणाला. या वेळी "येतो" नव्हतं. शिपाईमामा खिडक्या लावत होते, आणि जिन्यावरून त्याची पावलं खाली खाली जात होती.

"मॅडम!"

मी धावत कठड्याशी गेले. तो खालच्या वळणावर उभा होता. "सही राहिली का?" मी विचारलं.

"नाही."

"छत्री? चष्मा?"

"नाही. काम… काही नाही. नुसतीच हाक मारली."

मी कठड्यावरून खाली वाकले.

"मघाशी पाप करणार होतो," तो म्हणाला. "तिला पस्तीस देणार होतो. तुमच्याशी भांडायला मिळावं म्हणून. हात धजला नाही."

"अगंबाई! मीसुद्धा पस्तीसच लिहिणार होते."

तो बघतच राहिला, मग खो खो हसत सुटला. "म्हणजे खोटे वागलो असतो तरी एकमतच!"

हसू विरलं. जिन्यात आम्ही दोघंच. तो वर बघत, मी खाली बघत.

"पुढच्या वर्षापासून इथे तुमचं काही काम नाही," मी म्हटलं. आवाज चिमणीहून बारीक झाला होता.

"नाही ना," तो म्हणाला. "म्हणूनच विचारतो… येऊ?"

मी एकेक पायरी उतरायला लागले.